रूप राहिलं, नाम जपूया

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांचा इतिहास कुठं आहे म्हणून कुणी विचारलं, तर आधी हिशेबाच्या वह्याच पुढं येतात. पंगती किती झाल्या, भाडं किती गेलं, वर्गणी किती जमली, हे सगळं त्यात आहे. चाललेली माणसं मात्र त्यात दिसत नाहीत. ती आपल्या घरच्या भिंतीवर आहेत, ट्रंकेच्या तळाशी आहेत. या स्मरणिकेसाठी आम्ही घरोघर जुने फोटो मागत फिरलो, तेव्हा हे नीट उमगलं.

फोटो ही कला तशी अलीकडची. 1839 साली ती फ्रान्समध्ये जगापुढं आली. 1854 साली मुंबईत फोटो काढणाऱ्यांची सोसायटीही निघाली. पण तो जमाना साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा. कुणब्याच्या घरात फोटो यायला पुढं दोन-तीन पिढ्या गेल्या.

आपलं जयसिंगपूर फोटोपेक्षाही वयानं लहान. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 साली सुरू झाली. पुढं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी या रेल्वेच्या कडेला नवी पेठ वसवली आणि तिला आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. महाराज कागलच्या घाटग्यांचे, दत्तक होऊन कोल्हापूरच्या गादीवर आले. घर बदललं, नाव बदललं, तरी बापाचं नाव त्यांनी पुसू दिलं नाही. आपलं गाव म्हणजे एका लेकानं जपलेली बापाची आठवणच म्हणा ना!

या नव्या पेठेत आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं आली. कोणी व्यापाराला, कोणी हमालीला, कोणी नोकरीला. गावाकडचं घर, शिवार, देऊळ मागं राहिलं. ट्रंकेत मावेल तेवढंच बरोबर आलं : टाळ, हरिपाठाची पोथी आणि पुढं घरात आले असतील ते दोन-चार फोटो.

आता हे फोटो बघा. माणसं हसत नाहीत. फोटो काढणं ही तेव्हा खर्चाची आणि मानाची गोष्ट, आयुष्यात एक-दोनदा घडणारी. म्हणून धुतलेलं धोतर, नीट बांधलेला फेटा, कपाळाला गंध-बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. मागं रंगवलेला पडदा. त्यावर कुठं बाग, कुठं महाल, आणि पंढरपुरात काढलेला असला तर खुद्द विठ्ठल-रखुमाई. त्या महालाच्या पडद्यापुढं भेगा पडलेले अनवाणी पाय. ते पाय पाहिले की किती वाट तुडवली ते सांगावं लागत नाही.

वारी आपल्याकडं घराण्यात चालत येते. बापानं खाली ठेवलेली पताका लेक उचलतो. पण फोटोतला माणूस आहे त्या वयातच राहतो. एका घरात आम्ही पाहिलं, फोटोतले वडील चाळिशीचे आणि त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिलेला लेक सत्तरीचा. पिकल्या केसांचा माणूस त्या काळ्याभोर मिशांना 'आबा' म्हणत होता. घरातलं कोणी हसलं नाही. आम्हालाही क्षणभर बोलता आलं नाही.

आयाबायांचे फोटो मात्र फार कमी. डोईवर तुळशीवृंदावन घेऊन वर्षानुवर्षं चाललेल्या आजीचा एकही फोटो घरात नाही, असं पुष्कळ ठिकाणी ऐकलं. 1993 पासून मतदारांना फोटोची ओळखपत्रं मिळू लागली. कित्येक म्हाताऱ्यांचा जन्मातला पहिला फोटो तोच, आणि शेवटचाही तोच. दिवसकार्याला तो इवलासा फोटो मोठा करून हार घातला जातो. चेहरा धूसर येतो, पण नातवंडांना तेवढाच आधार.

मग आपल्या संतांचं काय? ज्ञानोबा-तुकोबांच्या काळी फोटो नव्हताच. कोल्हापुरात 1929 साली सुरू झालेल्या आणि पुढं पुण्याला गेलेल्या प्रभात कंपनीनं 1936 साली 'संत तुकाराम' हा बोलपट आणला. विष्णुपंत पागनीसांचा त्यातला चेहरा लोकांच्या मनात तुकोबांचाच म्हणून बसला. मनाला रूप लागतं, हे खरंच. पण संत आपल्यापर्यंत पोचले ते नामानं. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंचा चेहरा कुणी टिपून ठेवला नाही, पण त्यांचं नाव अभंगात गुंफलेलं आहे म्हणून आज घरोघर जात्यावर, भजनात त्या भेटतात. आपल्या फोटोंना ही नाममुद्रा नाही. रूप आहे, नाम नाही.

आपल्या शिरोळ तालुक्याला चार नद्यांचा शेजार : कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत नदीकाठच्या गावांत घरंच्या घरं पाण्यात गेली. जयसिंगपूर उंचावर, म्हणून खालची माणसं इथं आसऱ्याला आली. पाणी ओसरल्यावर धान्य गेलं, भांडी गेली, ते पुन्हा घेता आलं. काचेला चिकटून चिखल झालेला आईचा फोटो कुठून आणायचा? पण पूर पाच-दहा वर्षांनी येतो, विसर रोज येतो. भिंतीवर फोटो धडधाकट असतो आणि हे कोण म्हणून विचारलं तर घरातली पोरं एकमेकांकडं बघतात. सांगणारी म्हातारी माणसं गेली की तो फोटो परक्याचा होतो.

म्हणून माउलींनो, एवढं करा. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढं फोटो घेऊन बसा. नाव, गाव, नातं, कोणत्या वारीचा, ते विचारा आणि मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. बॉलपेननं वळ उठतो, शाईही फुटते. फोटो भिजला तर थंड स्वच्छ पाण्यात हळू धुऊन सावलीत, चेहऱ्याची बाजू वर ठेवून वाळवा. उन्हात नको. काचेला चिकटून वाळलेला असेल तर ओढू नका, काचेसकटच मोबाइलवर दुसरा फोटो काढून ठेवा. ज्या आजीचा फोटो नाही, तिचं निदान नाव वहीत लिहा.

या स्मरणिकेत छापलेल्या काही फोटोंखाली जागा मोकळी ठेवली आहे. ती माणसं आपल्याबरोबर चाललेली आहेत, त्यांची नावं अजून हाती आलेली नाहीत. कुणी तुमचा आजा असेल, कुणी चुलती असेल. ओळख पटली तर त्या जागी नाव लिहा आणि पुढच्या वारीला मुक्कामावर आम्हाला सांगा.

राम कृष्ण हरी.