दोन चाकांवरील स्वारी

‘स्वारी’ ह्या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. पेशव्यांची कर्नाटकावरील स्वारी हा एक, आणि घोड्यावरची किंवा वाहनावरची स्वारी हा दुसरा. पहिल्या प्रकारच्या स्वाऱ्यांच्या नोंदी इतिहासाच्या ग्रंथांत विपुल आढळतात. फौज किती होती, डेरे कोठे पडले, खंडणी किती ठरली, हे सर्व लिहून ठेवणारे कारकून त्या काळी होतेच. दुसऱ्या प्रकारच्या स्वारीची मात्र इतिहासकार फारशी वास्तपुस्त करीत नाहीत. मनुष्य दोन चाकांवर तोल सावरून बसावयास केव्हा शिकला, शिकताना त्यास कोणती अडचण पडली, आणि त्यात त्यास सुख का वाटले, ह्या प्रश्नांची उत्तरे गेल्या दोनशे वर्षांत ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. ती एकत्र करून पाहिली, तर दारात उभ्या असलेल्या फटफटीकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी तरी बदलेल.

ह्या कथेचा आरंभ जर्मनीत होतो. बाडेन संस्थानच्या जंगलखात्यातील एक अधिकारी कार्ल द्राइस हा १२ जून १८१७ रोजी मानहाइम शहरातून एका विचित्र लाकडी यंत्रावर बसून निघाला आणि सुमारे सात किलोमीटरवरील ठाण्यापर्यंत जाऊन साधारण तासाभरात परत आला. यंत्रास दोन चाके होती, ती एकामागे एक बसविलेली. पुढचे चाक हाताने वळविता येई. पायटे मात्र नव्हते. स्वाराने बैठकीवर बसावे, दोन्ही पायांनी आळीपाळीने जमीन मागे रेटावी, आणि असे बसल्या बसल्या धावावे, अशी त्याची युक्ती होती.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढच्या चाकास पायटे जोडून पाय जमिनीपासून कायमचे उचलण्याची कल्पना व्यवहारात आली ती १८६० नंतरच्या दशकात, पॅरिसमध्ये. म्हणजे मध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले! कारागिरीची उणीव होती म्हणावे, तर तसे नाही. धार लावण्याचे चाक किंवा सूत काढण्याचा रहाट दांड्याने वा पायाने फिरविण्याची विद्या युरोपास शतकानुशतके अवगत होती. रस्ते वाईट होते, पादचाऱ्यांच्या वाटेवर ही यंत्रे आणण्यास पुष्कळ शहरांत बंदी झाली, ही कारणे खरी आहेत. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक कारण असावे, आणि ते मनुष्याच्या मनात होते. उतारावर क्षणभर पाय उचलणे निराळे आणि पायांखालची जमीन सोडून देऊन केवळ गतीच्या भरवशावर बसणे निराळे. उभी राहिली की पडणारी वस्तू चालू लागली की उभी राहते, ही गोष्ट बुद्धीस पटण्यापूर्वी अंगास पटावी लागते, आणि अंग सहसा एवढ्या लवकर विश्वास टाकीत नाही.

म्हणूनच ह्या वाहनाच्या इतिहासात शाळा फार लवकर दिसू लागतात. लंडनचा गाडी बनविणारा डेनिस जॉन्सन ह्याने १८१९ साली द्राइसच्या धर्तीची यंत्रे विकण्याबरोबरच ती चालविण्यास शिकविण्याची सोय केली होती. १८६८-६९ साली पायट्यांच्या गाडीचे वेड न्यूयॉर्क शहरात पसरले, तेव्हा तेथेही मोठमोठ्या दालनांत शिकाऊ मंडळी धडपडत असत. पुढे उंच चाकाची सायकल आली, आणि १८८४ साली मार्क ट्वेन ह्या विनोदी लेखकाने अठ्ठेचाळीसाव्या वर्षी शिक्षक ठेवून ती आत्मसात करण्याचा उद्योग केला. त्यावरील त्याचा निबंध त्याच्या मरणानंतर, १९१७ साली, प्रसिद्ध झाला. निबंध विनोदी असला तरी त्यात एक मर्माची गोष्ट आहे. ज्या बाजूस आपण पडत आहोत त्याच बाजूस चाक वळविले पाहिजे, हा नियम त्यास समजला होता. पण हात मात्र उलट दिशेस ओढ घेत होते. जन्मभराची सवय आणि नवे ज्ञान ह्यांच्या ह्या झगड्यात पहिल्या दिवसांत सवयच जिंकते.

मोटारसायकलीच्या जन्मकथेतही हीच शंका डोकावते. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख ह्या जोडीने १८८५ साली पेट्रोलवर चालणारे आपले लहानसे इंजिन एका लाकडी दुचाकीवर बसविले. त्याची शक्ती अवघी अर्ध्या अश्वाची होती. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात डाइमलरचा तरुण मुलगा पाउल हा कान्श्टाटहून जवळच्या उंटरट्युर्कहाइम गावापर्यंत तीवर बसून गेला. बैठकीखालीच इंजिन पेटविणारी तापलेली नळी असल्यामुळे वाटेत बैठकीने पेट घेतला, असे सांगतात. परंतु ह्याहूनही बोधप्रद अशी गोष्ट निराळीच आहे. त्या दुचाकीच्या दोन्ही अंगांस तोलासाठी एकेक लहान चाक लावलेले होते! इंजिनाच्या क्षेत्रात युग पालटणाऱ्या ह्या पुरुषांनी तोलावर मात्र पुरता भरवसा ठेवला नाही. त्यांना इंजिनाची परीक्षा पाहावयाची होती, स्वारीचे सुख घ्यावयाचे नव्हते. मालिकेने बनवून विकली गेलेली पहिली मोटारसायकल १८९४ साली म्यूनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर ह्यांनी काढली, तेव्हा ही बाजूची चाके गळून गेली होती. कारण मधल्या दहा वर्षांत सायकलीने हजारो लोकांस तोल शिकवून ठेवला होता.

हा तोल कळणे आणि सांगता येणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. विमानविद्येचा जनक विल्बर राइट हा मूळचा सायकली बनविणारा. त्याने डझनावारी सायकलस्वारांस विचारले, ‘डावीकडे वळताना तुम्ही काय करता?’ सर्वांनी सांगितले की, आम्ही हँडल डावीकडे वळवितो. हे उत्तर अपुरे होते. वास्तविक प्रत्येक स्वार प्रथम हँडल किंचित उजवीकडे नेतो. त्यामुळे गाडीचा तोल डावीकडे झुकतो, आणि मग ती डावीकडे वळते. जड आणि वेगवान मोटारसायकलीवर हा प्रकार अधिक स्पष्ट जाणवतो. म्हणून डावे वळण घेताना डाव्या हाताने मूठ पुढे रेटावी, असे आजचे शिक्षक शिकवितात. अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्यास ह्या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. आम्ही नियम आधी सांगतो आणि कृतीची वाट पाहतो. येथे लक्षावधी विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि नियम कोणासच धड ठाऊक नव्हता.

येथवर अडचणीची कथा झाली. सुखाची कथा पाहू लागले असता एक नवल दिसते. दोन चाकांच्या आनंदाविषयी ज्यांनी मनापासून लिहिले, त्यांत वयस्क माणसे बरीच आढळतात. अमेरिकेतील मद्यपाननिषेधाच्या चळवळीची पुढारी फ्रान्सेस विलर्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकली, आणि १८९५ साली तिने त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. रोज सरासरी पंधरा मिनिटे अशी सुमारे तीन महिने तिने उमेदवारी केली. पाय मारणे, वळणे, उतरणे आणि शेवटी कोणाच्या मदतीवाचून चढणे, अशा तिच्या इयत्ता होत्या. सार्वजनिक कार्याने आणि आईच्या मृत्यूने थकलेल्या त्या स्त्रीस ह्या पंधरा मिनिटांत आपल्या बालपणीचा मोकळेपणा पुन्हा भेटला.

त्याच १८९५ साली मॉस्को शहरात, घोडेस्वारी शिकविण्यासाठी बांधलेल्या एका भव्य इमारतीत, सदुसष्टाव्या वर्षात असलेला टॉलस्टॉय सायकल शिकत होता. फेब्रुवारीत त्याचा सर्वांत धाकटा मुलगा, जेमतेम सात वर्षांचा, तापाने गेला होता. जगास वैराग्याचा उपदेश करणाऱ्या ऋषितुल्य पुरुषाने घरात असा आघात झाला असता दोन चाकांवर खेळावे, हे त्याच्या एका अनुयायास रुचले नाही. ख्रिस्ती आदर्शाशी हे सुसंगत आहे काय, असा त्यास प्रश्न पडला. टॉलस्टॉयने आपल्या रोजनिशीत त्याचा विचार केला आहे. लोक काय म्हणतील ह्यास महत्त्व नाही, आणि एखाद्या मुलासारखा साधा आनंद घेण्यात काही गैर नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

ह्या आक्षेपात आणि उत्तरात एक मोठा प्रश्न सामावलेला आहे. निरुपयोगी वाटणाऱ्या आनंदावर मनुष्याचा अधिकार आहे काय? आणि असल्यास तो कोणाचा? तरुण पुरुषाचा तो अधिकार सर्वांनी मान्य केला. स्त्रियांना आणि वृद्धांना मात्र त्यासाठी कारण दाखवावे लागले. प्रकृतीसाठी, कामासाठी, प्रचारासाठी म्हणून. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन ह्या दोन इंग्रज तरुणींनी कारण दाखविण्याच्या भानगडीत न पडता ११ डिसेंबर १९३४ रोजी लंडन सोडले आणि बाजूगाडी व मागगाडी जोडलेल्या एका ६०० सीसी पँथर मोटारसायकलीवरून सहारा ओलांडीत २९ जुलै १९३५ रोजी त्या केपटाउनला पोचल्या. वॉलकने पुढे महायुद्धात सैन्याचे टपाल मोटारसायकलीवरून पोचविले, आणि उत्तरवयात अमेरिकेत राहून इतरांस मोटारसायकल शिकविण्यास वाहून घेतले.

परंतु ह्या आनंदाची किंमत झाकून ठेवणे इतिहासास शोभणार नाही. त्या दोघी आफ्रिकेत असतानाच, १३ मे १९३५ रोजी, अरबस्तानच्या युद्धात नाव मिळविलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातील आपल्या घराजवळ ब्रफ सुपीरिअर मोटारसायकलीवरून जात असता दोन सायकलस्वार मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात पडला, आणि सहा दिवसांनी मरण पावला. वेगावर त्याचे जिवापाड प्रेम होते; ह्या जातीच्या सात गाड्या त्याने एकामागून एक वापरल्या होत्या. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांत मेंदूचे शल्यतज्ज्ञ ह्यू केर्न्स हे होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. १९४१ साली त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांचे सोबती दगावले होते, असे त्यात नमूद आहे. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांस शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्वसाधारण ब्रिटिश स्वारांस तो नियम लागू होण्यास १९७३ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे हा इतिहास जरा उशिरा, पण फार मोठ्या प्रमाणावर घडला. पुणे शहर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मोठ्यांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून चालविणारी मुले आणि मागून बैठक धरून धावणारा थोरला भाऊ, ही आपली घरोघरची शिक्षणपद्धती होती. १९५५ साली मद्रासेस एनफील्ड कंपनी स्थापन होऊन बुलेटचे उत्पादन सुरू झाले. १९७२ पासून पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना आली, आणि शिक्षिका, परिचारिका, कारकुनी करणाऱ्या स्त्रिया नऊवारीची पाचवारी झाली होती त्याच सहजतेने पायी चालण्यावरून लूनावर आल्या. आज देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. उलट बाजूही तेवढीच मोठी आहे: २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत शेकडा ४४ च्या वर दुचाकीवरची होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने हेल्मेट आवश्यक ठरविले असूनही त्याच्या सक्तीविरुद्ध पुण्यासारख्या सुशिक्षित शहरात आंदोलने झाली, हे केर्न्स ह्यांच्या निबंधानंतर पाऊणशे वर्षांनी घडले.

आनंद आणि सावधपणा ह्यांचे हाडवैर आहे अशी समजूत ह्या विरोधाच्या मुळाशी असते. इतिहास मात्र तसे सांगत नाही. दोन चाकांवरचे सुख हे बेफिकिरीचे सुख नव्हेच. भयास हळूहळू विश्वासात पालटवून घेण्याचे ते सुख आहे. द्राइसने उतारावर क्षणभर पाय उचलले, विलर्डने पंधरा-पंधरा मिनिटांनी धीर साठविला, टॉलस्टॉयने शोकाच्या दिवसांत लोकनिंदेची भीड टाकली. ह्यांपैकी प्रत्येकाने आधी शिष्यत्व पत्करले आणि मग स्वारी केली. ज्यास भय मुळीच नाही, त्यास हे सुखही पुरते लाभत नसावे.

म्हणून घरातील मुलीने किंवा पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने मोटारसायकल शिकण्याची इच्छा दर्शविली, तर ‘आता ह्या वयात कशाला?’ किंवा ‘तुला काय गरज?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी थोडा विचार करावा. मोकळे मैदान, जाणता शिक्षक, डोक्यावर चांगले हेल्मेट, आणि परवान्याच्या परीक्षेतला तो आठाचा आकडा नीट गिरविण्याइतकी चिकाटी, एवढी सामग्री असली म्हणजे पुरे आहे. बाकीचे गती शिकवील.