धरमतरपलीकडचे बेट

माझी आजी नागावची. तिच्या लहानपणी मुंबईची बोट धरमतरला लागे. तिथून तरीने खाडी ओलांडली, की ती म्हणे, “आलं हो आमचं बेट!” नुकताच शिक्षक झालो होतो, अलिबाग तालुका बेट नव्हे, असे मी तिला मोठ्या थाटात समजावले होते. आता नकाशा पाहताना वाटते, आजी फारशी चुकत नव्हती. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला अंबा नदीची धरमतर खाडी, दक्षिणेला कुंडलिकेचे मुख. जमीन सलग ती आग्नेयेकडे तेवढी. ‘तर’ म्हणजे नावेने पाणी ओलांडण्याची जागा. पूल झाला, आणि तर आता गावाच्या नावातच उरली आहे.

गेल्या हिवाळ्यात मी तो पूल ओलांडून आजीच्या वाटेने निघालो. पोयनाडच्या आसपास खाडीला बांध घालून मिळवलेली खार जमीन लागते. जवळच चरी. १९३३ ते १९३९ या काळात इथल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला. पिकती शेते पडीक ठेवली, लाकूडफाटा विकून दिवस काढले. बांध घालणाऱ्याच्या पदरात धान्य किती पडावे, एवढाच प्रश्न होता. पण त्यासाठी सहा वर्षे पोट आवळावे लागले.

अलिबागहून रस्ता दक्षिणेला वळतो आणि नारळी-पोफळींच्या सावलीत शिरतो. उजव्या हाताला वाड्यांच्या फटींतून समुद्र दिसतो. हा रस्ता मला पाठ आहे, अशी माझी समजूत होती. अक्षीला ती उतरली.

तिथे एक शिलालेख आहे. वर चंद्रसूर्य, खाली अक्षरे. वर्षानुवर्षे तो ऊनपाऊस खात रस्त्याकडेला उभा होता, आणि आजोळी जाताना मी कितीदा तरी त्याच्यावरून गेलो असेन. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. विद्वानांत मतभेद आहेत. पण हे वाचन धरले, तर सनाचा उल्लेख असलेला हा मराठीतला सर्वांत जुना लेख. आणि मी वर्गात मुलांना श्रवणबेळगोळ पाठ करून घेत होतो!

जगात सुख नांदो, अशा अर्थाने लेख सुरू होतो. पुढे पश्चिम समुद्राचा अधिपती केशिदेवराय, त्याचा प्रधान भैर्जू, आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी दिलेले नऊ कुवली धान्य. बोडण! आजी घरी बोडण भरायची. परातीतले पंचामृत कालवताना आम्हां मुलांना लांब बसवायची. हजार वर्षांपूर्वीचा तिचा शब्द दगडावर होता, आणि तिला कुणी तो वाचून दाखवला नाही. मीही नाही.

दात्याचे नाव दगडावर आहे. ते धान्य कुणाच्या खळ्यावरून आले, ते मात्र नाही. चरी मागे टाकून आलेल्या माणसाला हे चटकन जाणवते.

ऊन उतरले होते. नागाव पुढचेच गाव. आजीच्या वाडीत आता दुसरे लोक राहतात. त्यांनी पाणी दिले, आणि कुठून आलात म्हणून विचारले.

“धरमतर ओलांडून,” मी म्हणालो.