पट्टेदार काडतूस

पट्टेदार काडतूस हा रायफलच्या काडतुसाचा एक प्रकार आहे. याच्या पितळी पुंगळीच्या बुडाजवळ, खाचेच्या लगेच पुढे, एक उंचवट्याचा पट्टा असतो. काडतूस चेंबरमध्ये किती खोल जावे, हे हा पट्टा ठरवतो.

इतिहास

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक उत्पादक कंपनीने १९१२ साली .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे काडतूस आणले. त्याची पुंगळी लांब व निमुळती असून खांद्याचा उतार सौम्य होता. अशा खांद्यावर काडतूस नेमके टेकत नसल्याने पट्ट्याची योजना उपयोगी ठरली. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) या अमेरिकी काडतुसांचा खांदा तीव्र असूनही त्यांत पट्टा कायम राहिला.

पुनर्भरण

झाडलेली पुंगळी पुन्हा भरण्यापूर्वी डाय नावाच्या साच्यात दाबून योग्य मापाची केली जाते. काडतूस पट्ट्यावर टेकलेले असताना खांद्यापुढे मोकळी जागा राहू शकते व बार उडताच पुंगळी तेवढी ताणली जाते. प्रत्येक वेळी खांदा गरजेपेक्षा मागे ढकलल्यास पट्ट्यापुढील भिंत पातळ होत जाते आणि अखेर बूड तुटून वेगळे होते. अशा वेळी तप्त वायू मागे फेकले जाऊन नेमबाजाला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून खांदा इंचाच्या मोजक्या सहस्रांशांनीच मागे जाईल, अशा बेताने डाय बसवतात. त्यामुळे काडतूस पट्ट्याऐवजी खांद्यावर टेकते. पट्ट्यापुढे बाहेरून चकाकती रेघ किंवा आतून खोबण आढळल्यास पुंगळी बाद करतात.