आधी रिम, मग ब्रेक

परवा शनिवारी सकाळी भाचा घरी आला तो खांद्यावर सायकलची फ्रेम टाकूनच. चाकं वेगळ्या पोत्यात. सीट नाहीच. ट्रायल्सच्या सायकलला सीट नसते म्हणे, किंवा असली तरी नावापुरती. दगडांवर, पारांवर, भिंतींवर उड्या मारत चढायचं, पाय जमिनीला टेकवायचा नाही, असा हा खेळ. बसायचंच नाही तर सीट हवी कशाला? पठ्ठ्याने वर्षभर पैसे साठवून कुठून तरी सेकंडहँड पैदा केली होती. आधीच्या मालकाने ब्रेक मात्र काढून घेतले होते.

"मामा, ब्रेक कोणते लावू?"

मी काही बोलायच्या आत बहिणीचा फोन. "दादा, ब्रेक तू स्वतः लावायचे. आणि मी येऊन बघितल्याशिवाय तो त्या सायकलवर बसणार नाही."

जिला सीटच नाही तिच्यावर बसणार कसा, हा विनोद अगदी ओठांवर आला होता. गिळला. कारण माझ्या बहिणीच्या हनुवटीवर टाक्यांची एक खूण आहे आणि ती माझ्यामुळे आहे.

१९९३ चा जुलै. मी नववीत, ती चौथीत. बाबांची काळी सायकल, मागे कॅरिअरवर ती. नुकताच पाऊस येऊन गेलेला आणि आम्ही सेमिनरी हिल्सचा उतार उतरतोय. समोर एक हातगाडी आडवी आली. मी दोन्ही ब्रेक दाबले, इतके की बोटं हँडलला टेकली. सायकल काही थांबली नाही. मला खरचटलं, तिला पाच टाके पडले. बाबा दवाखान्यात एकच वाक्य बोलले, "उताराच्या आधी ब्रेक लावून बघायचा असतो रे." नंतर कधीच विषय काढला नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी धरून चाललो होतो की ब्रेक दाबायला मी उशीर केला, किंवा कमी दाबला. भाच्याच्या सायकलीसाठी म्हणून या वीकएंडला रिम ब्रेकचं वाचत बसलो आणि थेट त्या उतारावर जाऊन पोचलो. ऑफिसात एखादा बग शोधता शोधता तीस वर्षांपूर्वीच्या कोडपर्यंत जावं लागतं ना, तसंच काहीसं.

तर मंडळी, थोडा इतिहास.

सुरुवातीच्या सायकलींना चमचा ब्रेक असायचा. दांडी दाबली की चमच्यासारखी लोखंडी पट्टी वरून थेट टायरवर घासायची. टायर भरीव रबराचा होता तोवर हे चालून गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर आणला आणि पंचाईत झाली. हवेच्या टायरवर लोखंड घासलं तर टायर किती दिवस टिकणार? मग ब्रेक टायरवरून खाली रिमवर सरकला. कल्पना जुनीच होती, रिमला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणाऱ्या ब्रेकचं पेटंट इंग्लंडमध्ये १८७६ सालीच निघालं होतं. पण गरज आता पडली.

रिम ही ब्रेक लावायला उत्तम जागा आहे. चाकाच्या मध्यापासून ती सगळ्यात लांब, म्हणून तिथे थोडं बळही पुरतं. प्रश्न एवढाच की हातातलं बळ तिथवर न्यायचं कसं. यातून दोन घराणी निघाली. एक तारेचं. अर्नेस्ट बाउडनचं १८९६ चं पेटंट, नळीतून सरकणारी तार, जी आजही आपल्या सायकलींत आहे. दुसरं सळ्यांचं, म्हणजे आपला रॉड ब्रेक. हँडलखालची दांडी ओढली की सळ्या आणि बिजागऱ्यांमार्फत घोड्याच्या रिकिबीसारखा एक भाग वर खेचला जातो आणि त्याची दोन रबरं रिमच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांच्या बाजूच्या अंगाला जाऊन भिडतात.

हा 'आतल्या अंगाला' मुद्दा महत्त्वाचा. त्यासाठी रिमही खास लागते. तिला वेस्टवूड रिम म्हणतात. आतून दोन बाजूंना रबर टेकायला जागा, मधे आऱ्यांसाठी खोलगट पट्टा आणि बाहेरच्या कडा गोलसर. त्या गोल कडांवर चिमट्याचा ब्रेक धरतच नाही. म्हणजे एकदा ही रिम घेतली की रॉड ब्रेक आलाच, आणि रॉड ब्रेक हवा तर हीच रिम. पक्कं लॉक-इन!

भारतात हे लॉक-इन सत्तर वर्षांहून जास्त चाललं. ब्रिटिशांच्या काळ्या रोडस्टरचा साचा आपण जसाच्या तसा उचलला. मद्रासला टीआय सायकल्स १९४९ मध्ये ब्रिटिश भागीदारीत निघाली, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, आसनसोलला सेन-रॅले १९५२ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये. कंपन्या वेगळ्या, पण रोडस्टर तीच, २८ इंची चाकांची, स्टीलच्या रिमची आणि रॉड ब्रेकची. याला मागासलेपणा म्हणून हसू नका. तार गंजते, तुटते, नळीत माती जाते. सळी वाकली तर कुठल्याही गावचा मिस्त्री हातोडीने सरळ करून देतो. चाक थोडं आऊट झालं तरी रबर आतून टेकत असल्यामुळे फारसं घासत नाही. पोस्टमन, दूधवाला, गव्हाचं पोतं दळायला नेणारे आपले आजोबा, सगळ्यांचं त्यावर भागलं. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. पण काळी सायकल गावोगाव अजून दिसते.

आता त्या उतारावर परत येऊ. स्टीलच्या रिमला गंज धरू नये म्हणून वर क्रोमचा मुलामा असायचा. चकचकीत, आरशासारखा. कोरडा असताना ठीक. ओला झाला की रबर आणि क्रोम यांच्यामध्ये पाण्याचा पडदा राहतो आणि रबर नुसतं घसरत जातं. चाकाचे काही फेरे झाले, पाणी पुसलं गेलं, की मग कुठे ते पकडतं. २८ इंची चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण सव्वादोन मीटर. पुसायला दहा फेरे लागले म्हटलं तर बावीस मीटर गेले. माझ्यापुढे तेवढे नव्हतेच. त्यात नागपूरच्या उन्हाळ्यात व्हरांड्यात तापून दगड झालेली रबरं! मी कितीही जोरात दाबलं असतं तरी सायकल तिथे थांबली नसती. त्या काळी इंग्लंडातही ही रड होतीच, म्हणून ओल्या स्टीलसाठी चामडं लावलेली ब्रेक रबरं निघाली होती. बाबांचं वाक्य मला आज कळतंय. उताराच्या आधी ब्रेक लावायचा तो थांबण्यासाठी नव्हे, रिम पुसून घेण्यासाठी.

पण मी निदान मौजेसाठी सायकल चालवत होतो. याच शहरात हजारो माणसं याहून वाईट ब्रेकवर पोट भरत होती. आठवतात सायकल-रिक्षा? बर्डीवर, स्टेशनबाहेर रांगा असायच्या. तीन चाकं, मागे दोन-तीन सवाऱ्या, वर सामान, आणि ब्रेक फक्त पुढच्या एका चाकाला! फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतले अनिल राजवंशी यांनी यावर खूप काम केलं. २००२ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी नेमकं हेच मांडलं की ब्रेक फक्त पुढे असल्याने उतारावर वेगात एकदम दाबला तर रिक्षा गोफणीसारखी पुढे फेकली जाते. त्यांच्या सुधारित रिक्षेत गिअर होते आणि मागच्या चाकांना ब्रेक होता. म्हणजे हे जमण्यासारखं होतं. पुढे २०१५ मध्ये कायदा बदलला, ई-रिक्षा अधिकृत झाल्या आणि नागपुरात सायकल-रिक्षांची जागा बहुतेक त्यांनीच घेतली. जुन्या रिक्षा मोडीत निघाल्या, बऱ्याचशा त्या एका ब्रेकसकट.

बरं, आता भाच्याचा प्रश्न. ट्रायल्सचा जन्म मोटारसायकलच्या खेळातून झाला. १९७० च्या दशकात स्पेनच्या कॅटलोनिया भागात पेरे पी नावाच्या मोटारसायकलपटूने हाच खेळ सायकलवर आणला. त्याचा मुलगा ओत पी पुढे ट्रायल्सचा जगज्जेता झाला. आपल्याकडच्या बहुतेक पोरांपर्यंत हा प्रकार पोचला तो २००९ च्या डॅनी मॅकअस्किलच्या व्हिडिओमुळे. एडिंबरात कुंपणाच्या टोकांवरून सायकल चालवणारा तोच तो.

ट्रायल्समध्ये ब्रेकचं काम वेग कमी करणं नाही, चाक गोठवणं आहे. मागच्या एका चाकावर उभं राहायचं, ब्रेक एका बोटाने धरलेला, आणि चाक पुढेही सरकता कामा नये, मागेही. जर्मनीच्या मागुरा कंपनीने १९८७ मध्ये सायकलसाठी तेलावर चालणारा रिम ब्रेक आणला. त्याची नव्वदच्या दशकातली एचएस ३३ ही आवृत्ती ट्रायल्सवाल्यांची लाडकी झाली, कारण त्याचे दट्टे रिमवर सरळ दाबतात, मधे तार नाही की लवचीकपणा नाही. १९९६ मध्ये शिमानोचा व्ही-ब्रेक आला. लांब हातांचा, स्वस्त, ताकदवान. डिस्क ब्रेकही आले. तरी मागच्या चाकाला बरेच ट्रायल्सवाले अजून रिम ब्रेकच पसंत करतात.

आणि त्यांची खरी युक्ती ब्रेकमध्ये नाहीच. ते ग्राइंडर घेऊन रिमच्या कडांवर ओरखडे पाडतात! चकचकीत रिम मुद्दाम खडबडीत करायची. मग ओल्यातही रबर पकडतं.

हे मी आमच्या महालातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो. काका हसले. "बाबू, थे तं मी कधीचा सांगून ऱ्हायलो सगळ्याइले. ब्रेक मंग पाहू, आधी रिम पाहय. रिम गुळगुळीत असन तं सोन्याचा ब्रेक लाव, काही फायदा नाही."

शेवटी आम्ही दोन्ही चाकांना व्ही-ब्रेक घेतले. तेलाचा ब्रेक सरस आहे, मान्य. पण त्यात हवा शिरली तर इथे काढून कोण देणार? व्ही-ब्रेकची तार आणि रबरं बर्डीवर कुठेही मिळतात. ज्याचा स्पेअर पार्ट आपल्या गावात मिळतो तो ब्रेक चांगला, हा काळ्या सायकलीचा धडा.

मग लावालावी. आधी काकांकडून चाकांचा आऊट काढून घेतला, कारण रिम डगमगत असेल तर रबर जवळ आणताच येत नाही. मग रिम स्पिरिटने पुसली. मागच्या रिमवर काकांनी ग्राइंडर फिरवला, डोळ्यांना चष्मा लावून आणि अगदी हलका. ओरखडे हवेत, खोदकाम नको, नाहीतर रिमची भिंत पातळ होते. पुढची रिम मुद्दाम गुळगुळीतच ठेवली. ट्रायल्सवाले बरेचदा दोन्ही घासतात, पण नवशिक्याच्या पुढच्या चाकाने एकदम पकडलं तर तो हँडलवरून पुढे. रिक्षेची गोफण आठवली.

रबरं लावताना रोजच्या सायकलीत पुढचं टोक किंचित आधी टेकेल असं ठेवतात, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. इथे तसं करायचं नाही. चाक दोन्ही दिशांना गोठायला हवं, म्हणून रबर अख्खं एकदम टेकलं पाहिजे. किंचाळू दे. टायरला लागत नाही आणि रिमखाली घसरत नाही, हे बघितलं. दांडी व्ही-ब्रेकचीच घेतली, जुन्या ब्रेकची दांडी तार कमी खेचते. मागे दोन्ही हातांना जोडणारी नालेच्या आकाराची पट्टी लावली, नाहीतर जोर लागला की फ्रेमच फाकते. नळीची टोकं सरळ कापली. मग जीव खाऊन दहा-बारा वेळा ब्रेक दाबला, तार बसली, सैल झाली, पुन्हा ओढून घट्ट केली. ही पायरी विसरू नका.

रविवारी संध्याकाळी बहीण आली. मी हे सगळं लेक्चर तिला द्यायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि पाण्याने भरलेला मग घेऊन आली. दोन्ही रिमांवर ओतला. मागचा ब्रेक धरून सायकल पुढे ढकलली, मागे ओढली. चाक हललं नाही. पुढचा धरून ढकलली तर थोडं घसरलं, मग पकडलं.

"हे घसरलं."

"ॲल्युमिनियमची रिम आहे, क्रोमपेक्षा खूपच लवकर पुसते. पण ओलं असताना थोडं घसरणारच."

"मग त्याला सांग तसं. मला नको सांगू."

मी भाच्याला उताराच्या आधी ब्रेक लावून बघायचं सांगितलं, आणि का ते पण सांगितलं. ती गोष्ट, हनुवटीसकट. तिच्यासमोर मी ती पहिल्यांदाच पूर्ण सांगत होतो. बहीण म्हणाली, "हातगाडीवाल्याने आपल्याला चहा पाजला होता, ते विसरलास." खरंच विसरलो होतो.

असो. तुमच्या पार्किंगमध्येही धूळ खात एक सायकल उभी असेलच. पावसाळ्याआधी एकदा खाली जा, आणि पाण्याचा मग सोबत न्या.