हनुवटीचा इतिहास

हनुवटी हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातला ‘हनु’ सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हनु म्हणजे जबडा. सूर्याकडे झेपावलेल्या बाळ मारुतीवर इंद्रानं वज्र फेकलं, त्याची डावी हनु भंगली आणि म्हणून तो हनुमान झाला, अशी कथा वाल्मीकी रामायणात आहे. म्हणजे गावोगावी वेशीवर आपण ज्याला तेल-शेंदूर वाहतो, त्या देवाचं नावच मुळी मोडलेल्या जबड्यावरून पडलेलं आहे. इतिहास शिकवताना ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली. ती मला खऱ्या अर्थानं कळली चव्वेचाळिसाव्या वर्षी, माझा स्वतःचा जबडा कापून पुन्हा जोडला गेला तेव्हा.

मी नरडाण्याची. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेलं हे धुळे जिल्ह्यातलं गाव. माझा खालचा जबडा लहानपणापासून पुढे. वडिलांचा तसाच होता, आजोबांचाही तसाच होता म्हणतात. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे, त्यामुळे पेरूचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नसे. शिवताना दोरा दातानं तोडायची बायकांची सवय असते, तीही मला कधी जमली नाही. लग्नाच्या फोटोत मी पदर हनुवटीपर्यंत ओढून बसले आहे. चाळिशीत दाढा झिजल्या, कानाजवळचा सांधा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, नुसत्या तारांनी भागणार नाही, जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागेल.

पुढे आलेला जबडा हा इतिहासात राजघराण्याचा दागिना म्हणून प्रसिद्ध आहे. युरोपातल्या हाब्सबुर्ग घराण्यात तो पिढ्यान् पिढ्या उतरला. स्पेनच्या चौथ्या फिलिपची व्हेलास्केथनं काढलेली चित्रं पाहिली की ती हनुवटी विसरता येत नाही. त्याचा मुलगा दुसरा कार्लोस (1661-1700) याला तर धड चावताही येत नसे. 2019 मध्ये स्पेनच्या संशोधकांनी जबड्याच्या दहा शल्यविशारदांना या घराण्याची 66 चित्रं दाखवून तपासून घेतली. नात्यातली लग्नं जितकी जास्त, तितका हा दोष ठळक, असं त्यांना आढळलं. अर्थात नात्यात लग्न न करणाऱ्या घरांतही असा जबडा वारशानं येतो. हाब्सबुर्गांकडे साम्राज्य होतं, आमच्याकडे चार एकर कापूस. जबडा मात्र सारखाच!

मोडलेल्या वा निखळलेल्या जबड्यावर उपचार आपल्याकडे जुनेच आहेत. जबड्याचा सांधा निखळला तर शेकावं, जागेवर बसवावं आणि ‘पंचांगी’ नावाचा बंध बांधावा, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात आपलं पुणंही आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ही हकिकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि ती वाचून युरोपातले शल्यवैद्य कामाला लागले. त्या कारागिराचं नाव छापणाऱ्यांनी दिलं नाही. शस्त्रक्रियेआधी मला धीर आला तो या माणसामुळे. चेहरा दुरुस्त करून घेणं हा शहरी, श्रीमंती चाळा आहे, असं मला कुणी म्हटलं की मी मनात कावसजीचं नाव घेत असे.

जबडा सुधारण्यासाठी हाड मुद्दाम कापण्याची पहिली ज्ञात शस्त्रक्रिया 1849 ची. अमेरिकेत व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन यांनी वीस वर्षांच्या एका मुलीवर ती केली. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या मानेची कातडी आखडली होती, खालचा जबडा ओढला जाऊन लांबला होता, तोंड मिटत नव्हतं. हलिहेन यांनी हाडाची पाचर काढून जबडा मागे घेतला. माझ्यासारखा, जन्मतः पुढे वाढलेला जबडा दोन्ही बाजूंनी तुकडे काढून मागे घेण्याचं काम व्हिल्रे ब्लेअर यांनी 1897 मध्ये सेंट लुईस इथं केलं. त्याच गावात तेव्हा एडवर्ड अँगल हे दंतवैद्य दात सरळ करण्याचं शास्त्र उभारत होते. दातांच्या ठेवणीचे त्यांनी 1899 मध्ये तीन वर्ग पाडले. तेच आजही चालतात. माझ्या कागदावर ‘तिसरा वर्ग’ असं लिहिलेलं पाहून मी डॉक्टरांना म्हटलं, “रेल्वेचा तिसरा वर्ग कधीच गेला, माझा आहेच!”

तारा लावल्या जानेवारी 2022 मध्ये. दर महिन्याला एसटीनं धुळ्याला जायचं. दवाखान्यात बाकी सगळी शाळकरी मुलं, त्यांच्या आया आणि मी. एका बाईंनी विचारलं, “तुमचा मुलगा आत आहे का?” या वयात दात हलतात तरी का, ही शंका मलाही होती. दाताच्या एका बाजूला दाब पडला की तिथलं हाड विरतं आणि दुसऱ्या बाजूला नवं हाड भरतं. कार्ल सँडस्टेट यांनी 1904 च्या सुमारास कुत्र्यावर प्रयोग करून हे दाखवलं. हिरड्या निरोगी असतील तर हे काम कुठल्याही वयात चालतं, वाढत्या वयात थोडं हळू एवढंच.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नसती तर मी घाबरलेच असते. शस्त्रक्रियेआधी तारांमुळे चेहरा अधिक बिघडतो. वाकड्या जबड्याशी जमवून घ्यायला दात वर्षानुवर्षं कललेले असतात. ते सरळ उभे केले की जबड्यातलं खरं अंतर उघडं पडतं. शेजारणी म्हणाल्या, “पैसे देऊन बिघडवून घेतलं.”

शस्त्रक्रिया मे 2023 मध्ये, शाळेच्या सुट्टीत, नाशिकला झाली. वरचा जबडा चार मिलिमीटर पुढे, खालचा पाच मिलिमीटर मागे. नाकातून नळी घालून भूल दिली. शस्त्रक्रियेत ईथरची भूल 1846 मध्ये बोस्टनला जाहीरपणे दाखवली ती विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानं. वरच्या जबड्याचा काप आजही फ्रान्सच्या रने ल फोर यांच्या नावानं ओळखला जातो. मृत माणसांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कुठं कुठं फुटतात, हे त्यांनी 1901 मध्ये मांडलं. ज्या रेषेवर अपघातात हाड फुटतं, तिथंच पुढे शल्यविशारद शिस्तीत कापू लागले. खालच्या जबड्याचं हाड फळी उभी चिरावी तसं चिरून दोन फाका एकमेकींवर सरकवायच्या, ही युक्ती ऑस्ट्रियाच्या हूगो ओब्वेगेसर यांची. 1957 मध्ये ती इंग्रजीत प्रसिद्ध झाली. सगळं तोंडाच्या आतून केल्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. मोकळं केलेलं हाड मरत कसं नाही, याचं उत्तर अमेरिकेत विल्यम बेल यांनी माकडांवर प्रयोग करून दिलं: हाडाला चिकटलेल्या मांसातून त्याला रक्त मिळत राहतं.

माझ्या आजीच्या काळी ही शस्त्रक्रिया झाली असती, तर वरचे-खालचे दात सहा-आठ आठवडे तारेनं घट्ट बांधून ठेवले असते. उलटी झाली तर जीव गुदमरू नये म्हणून तार तोडायची कात्री उशाशी ठेवत. जर्मनीत लूर यांनी 1968 मध्ये आणि फ्रान्समध्ये मिशेले आणि शांपी यांनी 1970 च्या दशकात हाड धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आणल्या. त्यामुळे माझ्या तोंडात कुलूप नव्हतं, फक्त रबर होते.

तरी पुढचे दिवस सोपे नव्हते. तिसऱ्या दिवशी चेहरा कलिंगडाएवढा झाला. सहा आठवडे चावायचं नाही. खानदेशचा मे महिना, बाहेर आगीसारखं ऊन, घरात शेवभाजीचा वास आणि माझ्या वाट्याला ताक, मुगाचं कढण, गाळलेली आंबील. आमरस होता म्हणून तग धरला. भेटायला आलेली एक म्हातारी दारातच थबकून म्हणाली, “काय व्हयनं वं माय तुले?” मला उत्तर देता येईना.

कारण खालचा ओठ बधिर झाला होता. ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते आणि हाड चिरताना ती दुखावते. आपल्या व्याकरणात प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पानिपत शिकवायचं होतं. पानिपत, भाऊसाहेब, पेशवे, मल्हारराव, सगळी ओठांची माणसं! पहिल्या आठवड्यात मुलं हसली. मग एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, तुम्ही फळ्यावर लिहा, आम्ही वाचतो.” त्या वर्षी पानिपत माझ्या वर्गानं मला शिकवलं.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र वेगळीच होती. सूज उतरल्यावर आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि काही न बोलता आत गेली. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी आरशात पाहिलं तेव्हा कळलं. माझ्या चेहऱ्यात त्यांचं जे काही उरलं होतं, ते मी नाशिकला ठेवून आले होते. दाढा वाचाव्यात म्हणून गेले होते, हा हिशेब मी केलाच नव्हता. दोन दिवसांनी आई म्हणाली, “त्यांना पण पेरू खाता येत नव्हता. मी चिरून द्यायचे.” एवढंच. पण त्या एका वाक्यानं माझं ओझं उतरलं. वारसा म्हणून मी जे जपत होते, ती त्यांचीही अडचणच होती. ती त्यांनी सोसली, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती.

तारा 2024 मध्ये निघाल्या. ओठाची संवेदना वर्षभरात बरीचशी परत आली. हनुवटीवर रुपयाएवढी एक जागा अजून बधिर आहे. चाळिशीनंतर असं राहण्याचा संभव जास्त असतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कुणी विचारलं की या वयात करावं का, तर मी हे सगळं सांगते, बधिर जागेसकट. निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा.

त्या हिवाळ्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. दुपारी आईच्या लुगड्याची निघालेली शिवण घालत बसले. कात्री हाताशी नव्हती. सहज दोरा तोंडात धरला आणि तुटला. आई समोरच बसली होती. तिनं पाहिलं आणि दुसरी फाटकी शिवण माझ्यापुढे सरकवली.