विलायतेतला कुठला पक्ष आपला?

आज आपण हर्ण्याच्या बंदरावरून निघूया. संध्याकाळी इथे मासळीचा लिलाव चालतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. याच दापोली तालुक्यात चिखलगाव आहे, टिळकांचं मूळ गाव. दाभोळची खाडी ओलांडून गुहागरकडे गेलात की कोतळूक, गोपाळ कृष्ण गोखल्यांचं जन्मगाव. या दोन गावांच्या दोन माणसांचा वाद पुण्यात पेटला, आणि त्यातला एक प्रश्न असा होता: विलायतेतला कुठला पक्ष हिंदुस्थानचं काम नीट करील?

कर्झननं १९०५ साली बंगालची फाळणी केली, तेव्हा तिकडे हुजूर पक्षाचं राज्य होतं. त्याच वर्षी डिसेंबरात लिबरल आले आणि जॉन मॉर्ले भारतमंत्री झाले. गोखल्यांना तर ते गुरुस्थानीच. १९०६ साली लंडनला जाऊन ते मॉर्लेंना पुन्हा पुन्हा भेटले. टिळकांना हे पटत नव्हतं. मागणाऱ्याच्या अंगात जोर नसेल तर समोर कुठलाही पक्ष असो, काय फरक पडतो?

आणि झालं काय? फाळणी ही आता ठरलेली गोष्ट, असं मॉर्लेंनीच सांगितलं. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तीही लिबरलांच्याच राज्यात. गंमत बघा, हा खटला खुद्द मॉर्लेंना पसंत नव्हता. मुंबई सरकारनं तो आपल्या मतानं भरला होता. म्हणजे लंडनमधला सज्जन मंत्री मुंबईतल्या गव्हर्नरचा हात धरू शकला नाही. माझ्या मते गोखल्यांच्या हिशेबात चूक होती ती इथे. पण १९०९ च्या सुधारणा लिबरलांनीच दिल्या आणि १९११ मध्ये फाळणी रद्द झाली तीही त्यांच्याच काळात, हेही विसरून चालणार नाही.

मंडालेहून सुटलेले टिळक मात्र विलायतेतल्या पक्षांकडे नव्यानं बघू लागले. १९१७ साली त्यांनी जोसेफ बॅप्टिस्टांना तिकडे धाडलं, मजूर पक्षाशी संधान बांधायला. पुढच्या वर्षी स्वतः गेले, चिरोलवरच्या खटल्यासाठी. तिथे मजूर पक्षाच्या निधीला त्यांनी मदतही केली. खटला मात्र हरले. त्यांचे वकील कोण, तर लिबरल पक्षाचे सर जॉन सायमन.

हो, तेच सायमन! १९२७ साली हुजूर पक्षाच्या सरकारनं त्यांचं कमिशन नेमलं. सात सभासद: चार हुजूर पक्षाचे, दोन मजूर पक्षाचे, सायमन स्वतः लिबरल. हिंदी माणूस एकही नाही. मजूर पक्षाच्या त्या दोघांतले एक क्लेमंट ॲटली, पुढे स्वातंत्र्याच्या वेळचे पंतप्रधान. ३ फेब्रुवारी १९२८ ला कमिशन मुंबईत उतरलं, ते काळ्या निशाणांसमोर. टिळक तेव्हा हयात नव्हते.

सगळ्यांनीच बहिष्कार घातला असं मात्र नाही हं. बालपणाची काही वर्षं दापोलीत काढलेल्या डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याला या कमिशनपुढे साक्ष दिली. अस्पृश्यांसाठी त्यांनी राखीव जागा आणि प्रौढ मताधिकार मागितला. समोर बसलेल्यांत कोण कुठल्या पक्षाचा, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.