हौसेचें भय

माणूस भय टाळण्यासाठीं घर बांधतो, दिवा लावतो, पहारा बसवितो. आणि तोच माणूस सणासुदीला पदरचे पैसे मोजून भय विकत घेतो, हें मोठें कौतुक आहे. आपल्याकडील जत्रांतून पाळण्याच्या शेजारीं भूतबंगल्याचा तंबू उभा राहतो. इंग्लंडांत ब्लॅकपूल या समुद्रकांठच्या गांवीं १९३० सालीं ‘घोस्ट ट्रेन’, म्हणजे भुतांची आगगाडी, सुरू झाली. हौसेच्या या भयाचा इतिहास पाहूं गेल्यास त्याची एक वाट थेट आमच्या नाशिकांतून जाते. ती वाट वाचकांस दाखवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या गाडीची घडण मोठी साधी आहे. दोघे बसतील एवढा डबा असतो. त्याच्या धक्क्यानें समोरचें दार उघडतें, मागें मिटतें, आणि बसणारा काळोखांत सांपडतो. न्यू जर्सी प्रांतांतील लिऑन कॅसिडी या अमेरिकन गृहस्थानें १९२८ च्या सुमारास ही युक्ति प्रचारांत आणली. तत्पूर्वीं अशा अंधाऱ्या सफरी पाण्याच्या पाटांतून होडींत बसून करीत. पण पाट बांधणें व राखणें हें फार खर्चाचें काम. कॅसिडीनें पाण्याऐवजीं एकच रूळ घातला, आणि लहानशा जागेंत तो इतका वळविला कीं बसणारास दिशेचें भानच राहूं नये. डबा पुढें जातां जातां वाटेंतील कळ दाबली जाते, आणि सांगाडा उठून उभा राहतो. सांगाड्याहून त्या वळणांचा धाक अधिक. कारण पुढें काय आहे हें तेथें डोळ्यांस कळत नाहीं.

परंतु अंधारांत भुतें उभीं करण्याची कला आगगाडीहून जुनी आहे, आणि तिच्या आरंभींच दोन वाटा फुटलेल्या दिसतात. जर्मनींतील लाइप्झिग शहरीं श्रेप्फर नांवाचा एक कॉफीगृहवाला होता. मृतांचे आत्मे आपल्या आज्ञेनें येतात असें तो सांगे, आणि लोक तें खरें मानीत. प्रत्यक्षांत तो जादूच्या कंदिलाचा उपयोग करी. १७७४ सालीं पिस्तुलाच्या गोळीनें त्याचा अंत झाला. पुढें पंचवीस वर्षांनीं पॅरिसमधील एका ओसाड मठांत रॉबर्टसन यानें ‘फांतास्मागोरी’चे खेळ मांडले. त्याचा कंदील चाकांवर बसविलेला असून पडद्याच्या मागें असे. तो पडद्यापासून दूर नेला कीं चित्र मोठें होई, आणि भूत अंगावर धांवून आल्यासारखें वाटून प्रेक्षक किंचाळत. साधन एकच, परंतु रॉबर्टसन हा आपला खेळ म्हणजे शास्त्राचा चमत्कार आहे असें सांगत असे. श्रेप्फरच्या घरीं लोक फसत होते. रॉबर्टसनच्या मठांत ते रमत होते.

आपल्या महाराष्ट्रांत ही कला आली ती सुदैवानें दुसऱ्या वाटेनें. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हातांनीं रंगविलेलीं पौराणिक चित्रें पडद्यावर हालूं लागत, आणि जोडीला निवेदन व संगीत असे. या खेळाचें ‘शांबरिक खरोलिका’ हें नांवच प्रांजळ आहे. शंबरासुर हा पुराणांतील मायावी असुर. तेव्हां दिसेल ती माया, हें नांवांतच कबूल केलेलें होतें. चारच वर्षांनीं, ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविण्यांत आलीं. त्यांत स्टेशनांत येणारी एक आगगाडीही होती. भुतांच्या आगगाडींत पुढें माणूस बसून अंधारांत शिरला. येथें माणूस अंधारांत बसला होता आणि गाडी त्याच्याकडे येत होती.

आतां नाशिक. ज्या पंचवटींत मायामृगाची कथा घडली असें आपण मानतों, आणि जेथील सीतागुंफेंत भाविक आजही अंग चोरून काळोखांत उतरतात, त्या भूमीस अंधार आणि माया हीं दोन्ही परकीं नाहींत. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणल्यानंतर १९१३ सालींच नाशिकास आले. १९१८ त त्यांनीं येथें हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, आणि त्याच वर्षीं ‘श्रीकृष्णजन्म’ दाखविला. त्यांत कंसाला आपलें मरण दिसतें तो देखावा सुदैवानें आजही उपलब्ध आहे. कंसाचें मस्तक धडापासून सुटून अधांतरीं वर जातें. अशीं दृश्यें एकाच फितीवर दोनदां चित्रण करून साधीत. ब्लॅकपूलच्या गाडीपूर्वीं बारा वर्षें आमच्या गोदाकांठीं भयाचें हें यंत्र असें चालू होतें.

तथापि फाळक्यांची थोरवी आम्हांस केवळ या करामतींत वाटत नाहीं. ते स्वतः जादूचे प्रयोग करीत, आणि त्यासाठीं आपल्याच नांवाचीं अक्षरें उलटीं करून त्यांनीं ‘प्रोफेसर केळफा’ हें नांव घेतलें होतें. जो आपलें नांव इतक्या उघडपणें उलटें करतो त्यास आपण गारुडी आहोंत हें लपवावयाचें नाहीं. शिवाय चित्रपट कसा तयार होतो याचाच त्यांनीं एक लहानसा चित्रपट केला. चमत्कार दाखवून त्याची कळही दाखविणारा जादूगार विरळा.

हा भेद केवळ करमणुकीपुरता आहे असें कोणी समजूं नये. भय विकत घेणारा मनुष्य विकणाऱ्यावर विश्वास टाकीत असतो. सिडनीच्या लूना पार्कांतील भुतांच्या आगगाडीस ९ जून १९७९ रोजीं आग लागली, आणि सात जीव गेले. त्यांत सहा मुलें होतीं. खेळांतल्या अंधारास बाहेर पडण्याचें दार असलें पाहिजे, हा धडा तेथें फार महाग पडला. आमच्याकडे दुसऱ्या जातीचा अंधार आहे. अंगांत येणें, करणी, भानामती यांच्या नांवानें भय विकणारे श्रेप्फरचे वंशज अद्याप आहेत, आणि त्यांच्या तंबूंतून दुःखी कुटुंबांस बाहेरची वाट सांपडत नाहीं. डॉ. नरेंद्र दाभोळकर आणि त्यांचे सहकारी गांवोगांवीं असे चमत्कार करून दाखवीत, आणि लगेच त्यांतील युक्ति उलगडून सांगत. प्रोफेसर केळफ्याचाच तो वसा म्हणावयाचा. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत दाभोळकरांची हत्या झाली. नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा कायदा त्याच वर्षअखेरीस विधिमंडळानें संमत केला.

मुलें जत्रेंत भूतबंगल्याचा हट्ट धरतात तेव्हां वडील मंडळींनीं त्यांस अवश्य जाऊं द्यावें; नव्हे, स्वतःही बरोबर जावें. किंचाळून बाहेर आल्यावर मात्र तो सांगाडा कोणत्या कळीनें उठला असेल, याचा विचार त्यांच्याशीं घटकाभर करावा. हौसेचें भय भोगून ज्याला त्याची कळ शोधण्याची संवय लागली, तो पुढें लादलेल्या भयासही तोच प्रश्न विचारील.